घरून शिकणाऱ्या मोठ्या मुलांना ‘अभ्यास कसा करायचा’ हे कसं शिकवायचं?

निळाई

१२ ते १७ वर्षांची मुलं घरून शिकतात तेव्हा विषय शिकवणारं कुणी ना कुणी मिळतं. ऑनलाइन तास असतात, व्हिडिओ असतात, पुस्तकं असतात. अभ्यास कसा करायचा हे मात्र सहसा कुणी शिकवत नाही, आणि घरात ती उणीव फार लवकर उघडी पडते. त्यावर बोलायला हा धागा काढते आहे.

शाळेत कितीतरी गोष्टी मुलाच्या वतीने शाळाच करते. घंटा झाली की विषय बदलतो. शेजारच्याने वही काढली की आपणही काढतो. बाईंची नजर फिरली की भरकटलेलं मन वर्गात परत येतं. घरी यातलं काहीच नाही. काय करायचं, कधी सुरू करायचं, कितपत झालं, कुठे अडलं, कुणाला विचारायचं, हे सगळे निर्णय एकदम त्या मुलावर येऊन पडतात. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा युनेस्कोच्या मोजणीनुसार जगभरात १५० कोटींहून जास्त विद्यार्थी या स्थितीत होते. शाळा पुन्हा उघडल्या, पण आजारपण, होमस्कूलिंग, पूर्ण ऑनलाइन शाळा अशा कारणांनी आजही पुष्कळ मुलं घरूनच शिकतात.

माझी मुलगी १४ वर्षांची, मेहनती आहे. धडा दोन-तीनदा वाचते, हायलायटरने पानं पिवळी करते आणि मनापासून सांगते, ‘मला येतंय’. पुस्तक मिटून विचारलं की दोन वाक्यांवर अडते. मग रडकुंडीला येते, कारण तिने खरंच वेळ दिलेला असतो. तिच्या कष्टांबद्दल मला शंका नाही. ते कष्ट कारणी कसे लागतील, एवढाच प्रश्न आहे.

वाचलेलं लक्षात कसं राहावं, वेळेचं नियोजन मुलांच्या हाती कसं सोपवावं, आणि आपण पालकांनी कितपत मध्ये पडावं, याबद्दल सगळ्यांनी मोकळेपणाने लिहा.

---

पाटीपेन्सिल

निळाई, फार गरजेचा धागा. मी याच वयाच्या मुलांना बरीच वर्षं शिकवते आहे. तुमच्या मुलीचं जे होतंय ते बहुतेक सगळ्यांचं होतं. दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो. ओळखीचं वाटणं वेगळं आणि न बघता आठवणं वेगळं, पण वाचणाऱ्याला तो फरक आतून कळत नाही.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा एक प्रयोग मी मुलांना हमखास सांगते. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने सुरुवातीला वाचून घेतला आणि पुढचे तीन फेरे न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा नुसतं वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६० टक्के. आणि आपल्याला चांगलं आठवेल असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता! ‘मला येतंय’ असं म्हणणारं मूल खोटं बोलत नसतं, ते यामुळेच.

२०१३ मध्ये डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास वेगवेगळ्या दिवसांत पसरवणं या दोन पद्धती सगळ्यांत उपयोगी ठरल्या. हायलायटर आणि पुनर्वाचन कमी उपयोगाच्या यादीत गेले. बहुतेक मुलं नेमकं तेच करतात, कारण त्यात त्रास कमी आणि समाधान लगेच मिळतं.

करायचं काय, ते एका मुलाच्या वहीवरून सांगते. धडा रक्ताभिसरणाचा. एक भाग वाचून झाला की पुस्तक बंद आणि समोर कोरं पान. त्याने निळ्या पेनने लिहिलं: ‘हृदय रक्त फुप्फुसात पाठवतं, तिथे ऑक्सिजन मिळतो, मग रक्त शरीरात जातं. धमन्यांमध्ये ऑक्सिजनयुक्त रक्त असतं.’ इथे थांबला. दोन-तीन मिनिटं पेन नुसतंच हातात. ती मिनिटं फार मोलाची असतात, तेव्हा ‘अरे, पुस्तक बघ’ म्हणू नये. मग पुस्तक उघडून हिरव्या पेनने भर घातली: उजवी जवनिका, फुप्फुस धमनी, फुप्फुस, फुप्फुस शिरा, डावी कर्णिका, डावी जवनिका, महाधमनी. आणि धमन्यांच्या वाक्यापाशी आल्यावर त्याला स्वतःलाच दिसलं की फुप्फुस धमनी उलट वागते, तिच्यात ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं. ते वाक्य त्याने खोडलं आणि समासात कारण लिहिलं.

निळं म्हणजे आपलं झालेलं, हिरवं म्हणजे अजून व्हायचं. दोन दिवसांनी पुन्हा कोरं पान. हिरवं कमी झालेलं मुलाच्या डोळ्यांना दिसतं आणि त्याला दुसऱ्या कुणाच्या शाबासकीची वाट बघावी लागत नाही.

---

वळणवाट

पाटीपेन्सिल, वाचनखूण साठवली. निळ्या-हिरव्या पेनांचा मुद्दा एकदम पटला.

आमची अडचण वेगळी आहे. मुलगा १५ वर्षांचा. मी काहीही विचारलं की त्याला ती उलटतपासणी वाटते. ‘तू माझी परीक्षा घेऊ नकोस’ म्हणून दार लावून घेतो. त्याने अभ्यास करावा असं मला वाटतं, पण त्यापायी घरातलं बोलणंच बंद व्हायला लागलंय. पद्धत कितीही चांगली असली तरी ती त्याच्यापर्यंत पोचवायची कशी?

---

कंदील

वळणवाट, मी किशोरवयीन मुलांसोबत समुपदेशनाचं काम करतो, त्यामुळे हे वाक्य वरचेवर ऐकतो. त्याचं दार लावणं हा अभ्यासाला नकार असेलच असं नाही. या वयात ‘माझं मी ठरवणार’ ही गरज फार तीव्र असते. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या स्वयंनिर्धारणाच्या सिद्धान्तात माणसाच्या तीन मानसिक गरजा सांगितल्या आहेत: आपल्या मर्जीने काही करता येणं, आपल्याला ते जमतंय असं वाटणं, आणि आपल्या माणसांशी नातं असणं. घरून शिकताना पालकच शिक्षक, पर्यवेक्षक आणि पहारेकरी होतात. तेव्हा पहिल्या गरजेवर घाव बसतो आणि तिसरीलाही धक्का लागतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मेंदूच्या पुढच्या भागातलं प्रीफ्रंटल कॉर्टेक्स नियोजन करतं आणि मोह आवरतं. ते पूर्ण विकसित व्हायला पंचविशीच्या आसपास जावं लागतं. म्हणून ‘आता तू मोठा झालास, तुझं तू बघ’ म्हणून एकदम हात काढून घेणंही बरोबर नाही. सूत्रं त्याच्याकडे टप्प्याटप्प्याने जायला हवीत.

घरोघरी मी एक बदल सुचवतो: रोजची चौकशी थांबवा आणि आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी अर्धा तास बसा. मधल्या दिवसांत अभ्यासाचा विषय तुमच्याकडून निघणार नाही, हे त्याला आधी सांगा आणि काटेकोर पाळा. पालकांना याचाच सगळ्यांत जास्त त्रास होतो, पण विश्वास बसतो तो त्यावरच. बैठकीत बोलायचं त्याने. या आठवड्यात काय ठरवलं होतं, काय झालं, काय राहिलं, कशामुळे राहिलं, पुढच्या आठवड्यात काय बदलायचं. राहिलेल्या गोष्टीवर लगेच उपाय सांगू नका. ‘तुला काय वाटतं, कशाने जमेल?’ असं विचारून गप्प राहा. बराच वेळ काही उत्तर येत नाही, मग येतं. आणि ते उत्तर त्याचं स्वतःचं असल्यामुळे ते करून बघायची शक्यता जास्त असते.

सुरुवातीला सगळा आठवडा त्याच्यावर सोडायचा नसेल तर एकच विषय सोडा, तोही त्याच्या आवडीचा. तिथे बसवलेली घडी तो पुढे दुसऱ्या विषयात नेतो.

झोपेबद्दलही इथेच लिहितो, कारण घरातली निम्मी भांडणं त्यावरून होतात. वयात येताना झोपेचं शरीरातलं घड्याळ पुढे सरकतं, झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं. लवकर झोप न येणं हा हट्ट नसतो. याच कारणावरून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये शिफारस केली की या वयाच्या मुलांची शाळा सकाळी साडेआठच्या आधी सुरू करू नये. झोपेच्या क्षेत्रातल्या तिथल्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये १३ ते १८ वयासाठी ८ ते १० तासांची झोप सांगितली. घरून शिकणाऱ्यांना ही सवलत सहज घेता येते. फक्त उठण्याची वेळ रोज साधारण एकच ठेवा, नाहीतर चक्र पुढे पुढे सरकत जातं. आणि दिवसभर शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं, त्यामुळे रात्र जागवून केलेल्या उजळणीचा हिशेब सहसा तोट्यातच जातो.

---

गणितवेडा

गणिताबद्दल लिहितो, कारण घरून शिकताना सगळ्यांत मोठी फसगत तिथे होते.

मूल व्हिडिओ बघतं. शिकवणारा सफाईने उदाहरण सोडवतो, प्रत्येक पायरी पटते, व्हिडिओ संपतो. मग मूल पुढचा व्हिडिओ लावतं. यात गणित सोडवलं कुणी? शिकवणाऱ्याने. मी मुलांना सांगतो, उदाहरण फळ्यावर मांडून झालं की लगेच थांबव, पुढची पायरी स्वतः लिही, मगच पुढे जा. आणि शेवटी तेच उदाहरण कोऱ्या पानावर सुरुवातीपासून. ते जमलं तर आकडे बदलून.

दुसरं, एकाच प्रकारची वीस गणितं ओळीने सोडवू नयेत. सरावसंचाचं नावच ‘वर्गसमीकरणे’ असेल तर पद्धत निवडायचा प्रश्नच उरत नाही, हात यंत्रासारखा चालतो. परीक्षेत मात्र कुठली पद्धत लावायची हेच आधी ओळखावं लागतं. रोहरर या मानसशास्त्रज्ञांनी सातवीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत, वेगवेगळ्या प्रकारची गणितं मिसळून सराव करणारी मुलं नंतरच्या चाचणीत स्पष्टपणे सरस ठरली. मिसळलेल्या सरावात चुका जास्त होतात आणि मुलं वैतागतात, हे आधीच सांगून ठेवावं.

तिसरी माझी सगळ्यांत आवडती गोष्ट, चुकांची वही. चूक झाली की बरोबर उत्तर उतरवून मोकळं व्हायचं नाही. डावीकडे चुकलेली पायरी जशीच्या तशी, उजवीकडे ती का चुकली. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीत एका पानावर असं होतं: ५ − (क्ष − ३) बरोबर ५ − क्ष − ३. उजवीकडे लिहिलेलं, ‘कंसाबाहेर वजा आहे, आतल्या दोन्ही पदांची चिन्हं बदलतात, मी फक्त पहिल्याचं बदललं. बरोबर उत्तर ८ − क्ष’. पुढच्या काही पानांवर हीच चूक वेगवेगळ्या धड्यांत पुन्हा पुन्हा सापडली. तोवर तिची समजूत होती की आपल्याला बीजगणितच जमत नाही. वहीमुळे कळलं की तिला बहुतेक सगळं येतं, एक ठरावीक गोष्ट निसटते. या दोन समजुतींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे! ‘हुशार’ किंवा ‘कच्चा’ असली लेबलं मुलांना लावण्यापेक्षा ही वही त्यांच्या हाती द्यावी असं मला कळकळीने वाटतं.

---

शिंपला

चांगली चर्चा. एक शंका. आमचा मुलगा १३ वर्षांचा, तो ‘व्हिज्युअल लर्नर’, म्हणजे बघून जास्त शिकणारा, आहे असं आम्हाला एका चाचणीतून सांगितलं गेलं. म्हणून त्याला सगळं व्हिडिओवरच देतो, वाचायला फारसं देत नाही. लिहून काढण्याची ही पद्धत त्याला चालेल का?

---

पाटीपेन्सिल

शिंपला, चालेल, आणि अवश्य करून बघा. मुलांचे असे ठरावीक प्रकार असतात आणि प्रत्येकाला त्याच्या प्रकाराप्रमाणे शिकवलं तर जास्त येतं, ही कल्पना फार लोकप्रिय आहे. पण पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्यावरचं संशोधन तपासलं तेव्हा तिला पुरेसा आधार सापडला नाही. आवड असू शकते, तिचा मान ठेवावा. माध्यम मात्र विषयाकडे बघून निवडावं. भूगोलाला नकाशा हवा, कविता मोठ्याने म्हणायला हवी, भूमितीला आकृती हवी, आणि हे सगळ्याच मुलांना लागू आहे.

वाचन कमी करू नका, एवढी विनंती. पुढच्या इयत्तांमध्ये लांब मजकूर वाचून त्यातलं नेमकं काढणं सतत लागतं, आणि ती सवय वाचूनच लागते.

---

मोरपीस

इथलं सगळं वाचतेय. आमच्याकडे परिस्थिती जरा निराळी आहे. दोन मुलं, एकच मोबाइल. आम्ही दोघंही दिवसभर कामावर. शिवाय मुलं ज्या भाषेत शिकतात ती मला नीट वाचता येत नाही, त्यामुळे अभ्यास तपासणं माझ्याच्याने होत नाही. अशा पालकांनी काय करावं?

---

पाटीपेन्सिल

मोरपीस ताई, बरं झालं लिहिलंत. या विषयावरचे बहुतेक सल्ले वेळ, पैसा आणि शिक्षण हाताशी असलेल्या घरांना समोर ठेवून दिलेले असतात.

आधी मोबाइलचं. दोन्ही मुलांना बसवून त्यांच्याच हातून एका कागदावर वेळापत्रक करून घ्या. ज्याचा तास थेट चालू असेल त्याला मोबाइल आधी. रेकॉर्ड केलेले तास आणि पीडीएफ जमेल तेव्हा उतरवून ठेवा. आठवून लिहिणं, गणितं, चुकांची वही, प्रश्नपत्रिका यातल्या कशालाच मोबाइल लागत नाही, आणि खरा अभ्यास तिथेच होतो. ज्याच्याकडे मोबाइल नाही त्याची ही वेळ. वाया गेलेली वेळ नव्हे ती.

आणि तपासण्याचं. तुम्हाला विषय येत नाही ही इथे अडचण नाहीच. संध्याकाळी मुलाला म्हणा, ‘आज काय शिकलास ते मला तुझ्या भाषेत सांग.’ मग तीनच प्रश्न: ‘म्हणजे काय?’, ‘असं का होतं?’, ‘एखादं उदाहरण?’ ज्याला खरोखर कळलंय तो साध्या शब्दांत सांगू शकतो. जिथे तो पुस्तकी शब्दांच्या आड जाईल किंवा ‘ते असंच असतं’ म्हणेल, तिथे त्याचं कच्चं आहे, आणि हे त्यालाही त्याच क्षणी कळतं. जाणकार पालक मध्येच उत्तर पुरवून टाकतात. तुम्ही पुरवणार नाही, त्याला ते शोधावं लागेल.

---

रातवा

नमस्कार. मी पालक नाही, १७ वर्षांचा आहे आणि घरूनच शिकतो. मुलांच्या बाजूने थोडं लिहितो.

सगळ्यांत कठीण असतं सुरू करणं. ‘आज इतिहास करायचा’ असं ठरवलं की ते एवढं मोठं वाटतं की आधी फोन हातात घेतला जातो. मला एका गोष्टीचा खूप फायदा झाला. रात्री अभ्यासावरून उठायच्या आधी दुसऱ्या दिवशीचं पहिलं काम चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवतो, अगदी बारीक: ‘पान ४२ वरचा दुसरा प्रश्न, न बघता लिहायचा.’ सकाळी काय करू हा विचारच नाही. ‘अमुक झालं की तमुक करीन’ असंही ठरवून ठेवतो. आंघोळ झाली की थेट टेबल. तास संपला की वही बंद करण्याआधी तीन ओळी लिहायच्या.

दुसरं पालकांसाठी. आम्ही स्क्रीनकडे बघत असताना मागून येऊन उभे राहू नका. अभ्यास चालू असला तरी तो मोडतो, आणि आपल्यावर विश्वास नाही असं वाटतं. त्यापेक्षा त्याच खोलीत आपलं काहीतरी काम घेऊन बसा. माझे बाबा हिशेब घेऊन समोर बसतात, काही बोलत नाहीत. तेव्हा माझं लक्ष जास्त लागतं.

आणि मित्रांशी बोलणं म्हणजे वेळ घालवणं नाही. आम्ही चौघं आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर एकमेकांना प्रश्न विचारतो. घरून शिकताना फार एकटं वाटतं. ते बोलून दाखवलं नाही तरी असतं.

---

निळाई

रातवा, तू लिहिलंस याचा फार आनंद झाला. इथल्या मोठ्यांपैकी कुणालाच हे इतक्या आतून सांगता आलं नसतं.

नियोजनाबद्दल एक सांगते. मुलीने आठवड्याचा तक्ता केला आहे, आणि मी एकच रकाना वाढवायला सुचवलं: ‘किती वेळ लागेल’ याच्या शेजारी ‘किती लागला’. भाषेच्या निबंधाला तिने पाऊण तास धरला होता, लागले दोन तास. विज्ञानाच्या आकृत्या मात्र ठरल्यापेक्षा लवकर झाल्या. कामाला लागणारा वेळ माणूस नेहमी कमी धरतो, हे काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलं होतं, म्हणजे हा मुलांचा आळस नव्हे. आता ती स्वतःच निबंधाला दोन दिवस देते, एक दिवस मुद्दे आणि दुसऱ्या दिवशी लेखन. आठवड्यातली एक संध्याकाळ मुद्दाम रिकामी ठेवते, राहिलेलं तिथे ढकलायला. ती रिकामी जागा नसली की एक दिवस चुकला की सगळा तक्ताच सोडून द्यावासा वाटतो.

फोनबद्दल मात्र आमचं अजून जमलेलं नाही. तास त्याच यंत्रावर, संदेशही त्यावरच.

---

अर्धविराम

निळाई, फोनच्या बाबतीत इच्छाशक्तीवर विसंबू नका, ना मुलीच्या ना आपल्या. रचना बदला. तास आणि स्वाध्याय यांची फारकत करा: तासाला यंत्र हवंच, तासानंतरचा स्वाध्याय वहीवर, यंत्र दुसऱ्या खोलीत. तासापुरतं वेगळं प्रोफाइल, त्यात फक्त अभ्यासाची ॲप्स, बाकी सूचना बंद. आणि घरातल्या मोठ्यांचे फोनही त्या वेळात तिथेच ठेवा. फक्त मुलांना लावलेला नियम टिकत नाही, आणि टिकू नयेही.

२५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती, ही पोमोदोरो पद्धत फ्रान्सेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थिदशेतच शोधली. सुरुवात करायला जड जातं त्यांना ती चांगली. पण लांबलचक गणितात रंगलेल्या मुलाला घंटा वाजली म्हणून उठवू नका. कुणाला १५ मिनिटं जमतील, कुणाला ४०. विश्रांतीत मात्र स्क्रीन नको. उठावं, चालावं, खिडकीबाहेर बघावं. पाच मिनिटांसाठी उघडलेला फोन पाच मिनिटांत बंद होत नाही.

---

कंदील

एक गोष्ट इथे नोंदवायलाच हवी. काही मुलांची अडचण अभ्यासाच्या पद्धतीची नसते. खूप प्रयत्न करूनही वाचन अडखळतं, ओळी सुटतात, तोंडी सगळं येतं पण लिहिताना काहीच उतरत नाही, असं असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. डोळे आणि कान तपासायला विसरू नका, रोजचा स्क्रीनवरचा अभ्यास असेल तर तर नक्कीच. लहानपणापासून लक्ष टिकत नसेल, वस्तू हरवत असतील, सांगितलेलं निम्म्यात सुटत असेल, तर त्यासाठी तज्ज्ञ आहेत.

आणि मूल दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास, चिडचिडं असेल, आवडत्या गोष्टींत मन रमत नसेल, झोप-भूक बदलली असेल, मित्रांशी बोलणं तुटलं असेल, तर अभ्यास बाजूला ठेवून आधी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. जीव नकोसा झाल्यासारखं काही बोललं तर एक दिवसही थांबू नका. अशा वेळी वेळापत्रक कडक केल्याने मूल आणखी आत आत जातं.

---

वळणवाट

कंदील, तुम्ही सांगितलेली बैठक सुरू केली. पहिल्या वेळी तो जेमतेम बोलला. दुसऱ्या वेळी त्यानेच सांगितलं की इतिहास त्याला समजतो पण सनावळ्या पार गोंधळतात. हे मला माहीतच नव्हतं. आता महिन्यावर परीक्षा आहे आणि सगळं शेवटच्या आठवड्यात करू म्हणतोय. पाटीपेन्सिल, सनावळ्यांसाठी आणि उजळणीसाठी काय सुचवाल?

---

पाटीपेन्सिल

वळणवाट, त्याने स्वतः अडचण सांगितली, मोठंच काम झालं!

एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरलं जातं, मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी पहिल्या दिवसांत जवळजवळ आणि पुढे लांब लांब अंतराने करायची. आज केलेला धडा उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग परीक्षेच्या आधी. प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटं, आणि प्रत्येक वेळी न बघता. हे आकडे काटेकोर नाहीत, थोडं विसरायला लागल्यावर पुन्हा आठवणं महत्त्वाचं.

सनावळ्यांसाठी लाइटनर यांची खोक्यांची पद्धत. सेबास्टियन लाइटनर यांनी ती १९७२ मध्ये मांडली. कार्डाच्या एका बाजूला घटना, दुसरीकडे साल आणि एका ओळीत त्याआधी काय घडलं होतं. सगळी कार्डं पहिल्या खोक्यात, ते रोज काढायचं. बरोबर आलं की कार्ड दुसऱ्या खोक्यात, ते दोन-तीन दिवसांनी. पुन्हा बरोबर आलं की तिसऱ्यात, ते आठवड्याने. चुकलं की थेट पहिल्यात. येणाऱ्या कार्डांवर वेळ जात नाही, न येणारी रोज समोर येतात. ‘त्याआधी काय घडलं’ ही ओळ गाळू नका. नुसतं साल सुटं राहतं, कारणाशी जोडलं की टिकतं. कार्डं त्यानेच लिहावीत. छापील विकत आणलीत तर निम्मा फायदा गेला.

---

गणितवेडा

याला जोडून एक. महिना आहे तर पहिली पूर्ण प्रश्नपत्रिका आत्ताच सोडवू द्या, अभ्यास पुरा व्हायची वाट बघू नका. वेळ लावून, मध्ये न उठता, परीक्षेत बसतो तशी. गुण कमी येतील, ते त्याला आधीच सांगा आणि कुठेही लिहून ठेवू नका. सोडवून झाल्यावर त्यानेच तीन खुणा करायच्या: येत नव्हतं, येत होतं पण आठवलं नाही, येत होतं पण वेळ पुरला नाही. तिन्हींची औषधं वेगळी आहेत. पहिल्याला धडा पुन्हा शिकावा लागेल, दुसऱ्याला कोरं पान आणि कार्डं, तिसऱ्याला वेळ लावून सराव. मग ही यादी घेऊन तुमच्या पुढच्या बैठकीला बसा, आणि उरलेल्या आठवड्यांत काय कधी घ्यायचं ते त्यालाच मांडू द्या.